वाचकांचे प्रश्न: विचार आला म्हणजे पाप झालं का?

लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो, एरवी चर्च कमिटीची भांडणं आणि मुलीला ख्रिस्ती स्थळ मिळत नाही यावरच निम्मी पत्रं असतात. यावेळी चार घेतली आहेत. नावं काढलीत आणि ओळखू येईल असं जे काही होतं तेही काढलंय, त्यामुळे "हा आपल्याच चर्चमधला तो का हो" असं विचारायला कृपया कोणी फोन करू नये.

पाळकसाहेब, सलाम. मी २४ वर्षांचा आहे, विरारला राहतो, नोकरी लोअर परळला. चर्चमध्ये गिटार वाजवतो, संडे स्कूलला पण शिकवतो. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर घाणेरडे व्हिडिओ बघतो. नंतर रडून माफी मागतो, सगळं डिलीट करतो, काही दिवस नीट जातात आणि परत तेच. आता तर प्लॅटफॉर्मवर कोणी मुलगी दिसली तरी डोक्यात नको ते येतं. मत्तय ५:२८ वाचलं की वाटतं मी रोजच व्यभिचार करतोय. बरेच महिने प्रभुभोजन (चर्चमधली प्रभूच्या नावाची भाकर आणि द्राक्षारस) घेतलेलं नाही, त्या रविवारी काहीतरी कारण काढून बाहेर उभा राहतो. माझं तारण होईल का? (नाव छापू नका)

सलाम बाळा. तू दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्यास, आधी त्या वेगळ्या करू. प्लॅटफॉर्मवर मुलगी दिसली आणि डोक्यात काहीतरी येऊन गेलं ही एक गोष्ट, आणि रात्री पांघरुणात फोन धरून तू जे शोधून शोधून बघतोस ती दुसरी. प्रभूने ज्याला व्यभिचार म्हटलं ते त्या इच्छेने पाहत राहणं आहे, नुसतं दिसणं नाही. डोळे आहेत तोवर दिसणारच, आणि चोवीसाव्या वर्षी शरीर शरीराचं काम करणार, ते देवानेच दिलंय, त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

हे मी माझ्या पदरचं सांगत नाहीये. चौथ्या शतकात एवाग्रियस नावाचा एक संन्यासी होता, इजिप्तच्या वाळवंटात राहायचा, ३९९ मध्ये वारला. त्याआधी कॉन्स्टँटिनोपलला मोठा विद्वान म्हणून नाव होतं आणि तिथे एका बड्या घरच्या विवाहित बाईत मन गुंतलं म्हणून शहर सोडून पळाला, म्हणजे माणूस अनुभवी. त्याने वाईट विचारांचे आठ प्रकार लिहून ठेवले, खादाडपणा, वासना, पैशाची हाव, उदासी, राग, कंटाळा, फुशारकी आणि गर्व, पुढे पोप ग्रेगरींनी त्यावरूनच सात महापापांची यादी केली. तर तो म्हणतो की हे विचार आपल्याला येऊन त्रास देणार की नाही हे आपल्या हातात नाही, पण ते मुक्काम करणार की नाही हे आपल्या हातात आहे. आपल्याकडे लोकलच्या डब्यात फेरीवाला चढतो तसं आहे हे, तो चढणारच, ओरडणारच, त्याला तू अडवू शकत नाहीस, पण तू त्याला हाक मारलीस, माल हातात घेतलास आणि भाव विचारायला लागलास की मग तो पुढच्या स्टेशनला उतरत नाही.

याकोबाच्या पत्रात पहिल्या अध्यायात (१४-१५) हीच चढण दिलीय, आधी वासना ओढते, मग ती गर्भवती होते, मग पाप जन्माला येतं आणि शेवटी मरण. म्हणजे मधे वेळ असतो, आणि जे काही करायचं ते त्या वेळात. सैतानाने प्रभूला मंदिरावरून उडी मार म्हटलं, माझ्या पाया पड म्हटलं, ते शब्द प्रभूच्या कानावर पडलेच ना? तरी इब्री ४:१५ म्हणतं की तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला पण निष्पाप राहिला. परीक्षा झाली हेच पाप असतं तर हे वचन लिहिताच आलं नसतं.

आता रात्रीचं. तिथे मात्र तुला मी सूट देणार नाही, कारण तिथे तू बोलावतोस. पण तुझी पद्धत चुकतेय. थकून आलेला, एकटा, रात्री साडेबाराला रडत रडत शपथ घ्यायची आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळेला तोच फोन त्याच हातात, मग ती शपथ टिकणार कशी? योसेफाकडे बघ, उत्पत्ती ३९. त्याच्या मालकाची, पोटीफरची बायको त्याला रोज गळ घालत होती, तो रोज नाही म्हणत होता आणि तिच्याजवळ थांबतही नव्हता. शेवटी तिने वस्त्र धरलं तेव्हा तो तिथे उभा राहून प्रार्थना करत बसला नाही, वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. आणि दावीद? राजे लढाईला जातात त्या दिवसांत हा यरुशलेमेतच राहिला, संध्याकाळी पलंगावरून उठून गच्चीवर येरझाऱ्या घालायला लागला. दाविदाचं पाप आम्ही बथशेबेपासून, म्हणजे गच्चीवरून दिसलेल्या त्या परक्याच्या बायकोपासून शिकवतो, खरं तर ते त्या रिकाम्या संध्याकाळपासून शिकवायला हवं.

म्हणून तुझी रिकामी संध्याकाळ कुठली ते शोध. मला विचारशील तर घरी पोचून जेवण झालं आणि झोप येत नाही तो तास. फोन बेडरूमबाहेर ठेवा असं सगळीकडे सांगतात, पण विरारच्या वन रूम किचनमध्ये बेडरूम कुठली आणि बाहेर कुठलं. तेव्हा चार्जिंग आईच्या उशाशी, किंवा फ्रिजवर जिथे घ्यायला गेलास तर कोणीतरी जागं होईल. सकाळी उठायला साधं गजराचं घड्याळ घे. ब्लॉक करणारं अॅप टाक पण त्याच्या भरवशावर राहू नकोस, २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाच्या आदेशानंतर सरकारने ८२७ साईट बंद करायला लावल्या होत्या आणि तुझं पत्र मला तरीही आलंच.

आणि नुसतं काढून टाकून भागत नाही. मत्तय १२ मध्ये तो अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा घर झाडलेलं, नीटनेटकं पण रिकामं असतं आणि मग तो आणखी सात जणांना घेऊन येतो. त्या तासाला काहीतरी दे. गिटार म्हणणार नाही, रात्री अकराला वाजवलीस तर शेजारी येतील. संडे स्कूलचा पाठ त्या वेळेला तयार कर, किंवा सरळ झोप, अर्ध्याहून जास्त मोह तर कमी झोपेतून येतात असं माझं मत आहे.

एका माणसाला सांग. एकाच. वयाने मोठा, तोंडाचा घट्ट, पुरुष. याकोब ५:१६ मध्ये आपापली पापं एकमेकांजवळ कबूल करा असं स्पष्ट आहे, पण कृपा करून ते व्हॉट्सअॅपच्या प्रेयर ग्रुपवर टाकू नकोस, तिथे प्रार्थनेच्या नावाखाली काय चालतं ते आपल्या सगळ्यांना माहितीये. त्या माणसाला दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायला सांग, कसा गेला आठवडा. पडलास तरी सांगायचं. लपवण्यातच या सवयीचं निम्मं बळ असतं.

प्रभुभोजनाचं वाचून मला वाईट वाटलं. १ करिंथ ११:२८ लोक अर्धवट वाचतात. माणसाने स्वतःची परीक्षा करावी, आणि मग खावं, असं आहे ते. परीक्षा करावी आणि बाहेर चपलांजवळ उभं राहावं असं पौलाने कुठेही लिहिलेलं नाही. पश्चात्ताप न करता बिनधास्त घेणाऱ्यासाठी ती ताकीद आहे, तुझ्यासारख्या रडणाऱ्यासाठी नाही. आणि तारणाचं म्हणशील तर रोमकर ७ मध्ये पौल स्वतः म्हणतो की जे करायचं ते माझ्याकडून होत नाही आणि जे नको तेच होतं, आणि लगेच आठव्याच्या पहिल्या वचनात ख्रिस्त येशूत असलेल्यांना दंडाज्ञा नाही. दोन्ही एकाच माणसाने लिहिलंय. पुढच्या प्रभुभोजनाला आत ये.

वय ६१, पत्नी जाऊन काही वर्षं झाली. दिवसभर मन शांत असतं पण स्वप्नात असे प्रसंग येतात की सकाळी बायबल हातात घ्यायची लाज वाटते. याचा हिशोब देवापुढे द्यावा लागेल का? (दादर)

नाही. झोपेत तुम्ही काही ठरवत नाही आहात. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहराचे बिशप ऑगस्टीन यांनी साधारण ४०० सालच्या सुमारास, म्हणजे बिशप असताना, अगदी उघड लिहून ठेवलंय की जुन्या सवयींची चित्रं जागेपणी दुबळी असतात पण स्वप्नात जोर करतात, आणि जाग आली की मन पुन्हा शांत होतं, कारण ते आपण केलेलं नसतं. एवढा मोठा माणूस बिनलाजता लिहितो तर तुम्ही कशाला कुढताय. उठा, तोंड धुवा, बायबल उघडा. आणि काका, एक आगाऊपणा करतो, हे पाप नाही, एकटेपण आहे, त्याबद्दल घरात बोला.

फादर किंवा पाळक जे असाल ते, मी कॅथलिक आहे, भांडुपला राहते, तुमचं मासिक शेजारणीकडे वाचते. सांगायलाही लाज वाटते. मारियामातेच्या मूर्तीकडे बघितलं की डोक्यात अत्यंत घाणेरडे शब्द येतात, कम्युनियन (तुमचं प्रभुभोजन) घेताना तर हमखास. मी मुद्दाम आणत नाही हो. रोझरी (जपमाळ) म्हणताना असा विचार आला की परत पहिल्यापासून सुरू करते, कधीकधी दोन तास लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा कन्फेशनला जाते. कुणीतरी सांगितलं की पवित्र आत्म्याविरुद्धच्या पापाला क्षमा नाही. माझ्याकडून ते झालंय का? नवऱ्याला यातलं काही माहीत नाही.

ताई, नाही झालेलं. हे एकदाच सांगतोय, का एकदाच ते पुढे येईलच.

मार्क ३ उघडा. येशू भुतं काढत होता, लोक बरे होत होते, आणि यहुदी धर्मशास्त्राचे शास्त्री ते डोळ्यांनी बघून म्हणत होते की याच्यात बालजबूल आहे, भुतांच्या अधिपतीच्या मदतीने करतोय हा. त्यावर प्रभूने ते क्षमा नसल्याचे शब्द उच्चारले, आणि मार्क तिसाव्या वचनात कारणही देतो, की ते लोक म्हणत होते याला अशुद्ध आत्मा लागलाय. म्हणजे समोर देवाचं काम दिसतंय, आणि शांत डोक्याने, ठरवून, त्यालाच सैतानाचं म्हणायचं. तुम्हाला तर त्या शब्दांचा तिटकारा आहे, तुम्ही त्यापायी दोन-दोन तास रोझरी म्हणताय. ज्याने ते पाप केलंय तो रडत पत्र लिहीत नाही.

तुम्हाला जे होतंय ते जुनं आहे आणि संतांनाही झालंय. धोबी तलावचं झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये ज्या जेझुइट संघाने काढलं त्या संघाचे संस्थापक इग्नेशियस, १५२२ मध्ये मानरेसा गावी असताना कित्येक महिने याच चक्रात होते. कन्फेशन करायचं, बाहेर आलं की वाटायचं काहीतरी राहिलं, परत करायचं. त्यांचं कन्फेशन ऐकणाऱ्या फादरने सांगितलं की मागचं जे अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा, तर यांना सगळंच स्पष्ट वाटायला लागलं! जीव द्यावा इथपर्यंत विचार गेले होते त्यांचे. आणि हेच इग्नेशियस पुढे हजारो लोकांना मन कसं ओळखायचं ते शिकवून गेले.

डॉक्टर लोकांकडेही याचं उत्तर आहे. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की नको ते, घाण, हिंसक, देवनिंदेचे विचार चांगल्या धडधाकट माणसांपैकी बहुतेकांना येतात, फक्त ते लोक "काय भलतंच" म्हणून पुढे जातात. तुमच्यासारखं हळवं मन तिथेच अडतं, याचा अर्थ काय, मी अशी आहे का, आणि मग तो विचार येऊ नये म्हणून पहारा द्यायला लागतं. पहारा दिला की काय होतं ते वेग्नर नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९८७ मध्ये बघितलं, विद्यार्थ्यांना सांगितलं पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही आणि आला तर बेल वाजवायची, तर बेल वाजतच राहिली, आणि नंतर मोकळं सोडल्यावर त्यांना अस्वल इतरांपेक्षाही जास्त आठवलं. तुमची पुन्हा पुन्हा सुरू होणारी रोझरी हा तोच पहारा आहे, म्हणून विचार वाढतायत.

म्हणजे वर विरारच्या पोराला मी सांगितलं पळ, आणि तुम्हाला सांगतोय पळू नका. त्याच्या हातात फोन आहे, तो सोडून पळता येतं, तुमच्या डोक्यातलं तुम्ही सोडून कुठे जाल? आला शब्द तर येऊ द्या. त्याला उत्तर देऊ नका, माफी मागू नका, रोझरी जिथे आहे तिथूनच पुढे म्हणा, मग ती कितीही घाणेरडी वाटो. कम्युनियन घ्या. सुरुवातीला फार कासावीस व्हाल, ती कासाविशी चढते आणि आपोआप उतरते, ती उतरेपर्यंत थांबायचं आणि तोवर नेहमीचं शुद्धीकरण काहीही करायचं नाही. डॉक्टर ओसीडीवर (नको ते विचार आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा मनाचा आजार) अगदी याच धर्तीचे उपचार करतात आणि ते लागू पडतात, सोबत लागलं तर औषधही. परळच्या केईएममध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे जा. जाणं लगेच जमत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कन्फेशनसाठी एकच फादर ठरवा, त्यांना हे पत्र दाखवा, आणि ते म्हणतील तेवढ्याच वेळा जा.

तेल लावून, ओरडून, केस धरून भूत काढणाऱ्या सभांना मात्र अजिबात जाऊ नका. मुंबईत त्या कमी नाहीत आणि अशा हळव्या माणसांचं तिथे फार नुकसान होतं, मी बघितलंय.

नवऱ्याला सांगा. शब्द सांगायची गरज नाही, आजाराचं नाव सांगा. आणि हो, सुरुवातीला म्हटलं एकदाच सांगतो, कारण "खरंच नाही ना झालं?" असं परत विचारणं हाही त्याच चक्राचा भाग असतो. त्या प्रश्नाचं दुसरं पत्र आलं तर मी उत्तर देणार नाही, राग आला म्हणून नाही. डॉक्टरकडे जाऊन आलात हे कळवणारं पत्र आलं तर त्याच दिवशी उत्तर देईन.

सर, मी साकीनाक्याला एका कंपनीत परचेसला आहे. एक नवीन व्हेंडर दर ऑर्डरमागे दोन टक्के देतो म्हणतोय, कॅश, कोणाला कळणार नाही. मुलाचं इंजिनिअरिंगचं अॅडमिशन यावर्षी आहे. बायको म्हणते सगळेच घेतात. मी अजून एक रुपया घेतलेला नाही, पण रोज येता-जाता हिशोब करतो की वर्षाचे किती होतील, त्यातून काय काय होईल. घेतले नाहीत म्हणजे पाप तर नाही ना झालं?

बरं झालं तुम्ही लिहिलंत, मोह म्हटला की लोक फक्त बाईचाच विचार करतात, आणि चर्चमध्ये पैशाच्या मोहावर प्रवचन म्हणजे दशमांशाचं (कमाईचा दहावा भाग चर्चला द्या) प्रवचन, बस्स.

साहेब, विरारच्या पोराच्या डोक्यात प्लॅटफॉर्मवर जे येऊन जातं त्याची मला काळजी वाटत नाही, तुमची वाटते. तुम्ही अजून घेतले नाहीत हे मान्य, पण विचार नुसता येऊन गेलेला नाही, तुम्ही त्याला रोज बसायला जागा देताय आणि वर्षाचा हिशोबही करून झालाय. ज्या दिवशी फीची पावती समोर येईल त्या दिवशी हात आपोआप पुढे जाईल, कारण निर्णय आधीच झालेला असेल, फक्त तुम्हाला कळलेलं नसेल.

तुमची गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. प्रभूपुढेही सैतान पहिल्यांदा काय घेऊन आला? राज्यं नंतर, आधी भाकर. चाळीस दिवसांचा उपवास, भूक खरी, आणि भाकर खाण्यात पाप काहीच नाही. मोह खऱ्या गरजेच्या दाराने येतो म्हणून तर तो ओळखू येत नाही. आणि प्रभूने तिन्ही उत्तरं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातून दिली, सहावा आणि आठवा अध्याय, तिथे उभं राहून विचार करून काढलेली नाहीत, आधीच पाठ होती. वर ज्या एवाग्रियसचं सांगितलं त्यानेही प्रत्येक वाईट विचारासमोर कुठलं वचन उभं करायचं याची शेकड्यांनी यादीच करून ठेवली होती.

तुम्हीही उत्तर आधी तयार ठेवा, आणि ते धार्मिक असायची गरज नाही. व्हेंडरला म्हणा, तुम्हाला दोन टक्के सोडायला परवडतंय ना, मग ते कोटेशनमध्येच डिस्काउंट म्हणून दाखवा. आणि हे मेलवर लिहा, साहेबांना कॉपी ठेवून. एकदा ते लेखी गेलं की तुमच्या डोक्यातला हिशोबही बंद होईल, कारण हिशोबाला काही उरणारच नाही. व्हेंडर नाराज झाला तर होऊ दे, तो दुसरीकडे जाईल, त्याला गिऱ्हाईक मिळेल.

बायकोशी भांडू नका, ती हावरट नाही, घाबरलेली आहे. तिच्यासमोर कागद घेऊन बसा, पगार, ईएमआय, फी, सगळं लिहा, तूट नक्की किती आहे ते बघा. कित्येकदा ती तूट भीतीपेक्षा लहान निघते. आणि फीसाठी आधी सरळ रस्ते संपवा. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याकांत येतो, महाडीबीटी पोर्टलवर उच्च आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा असते ती तिथे बघून घ्या. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सेतूत ही गर्दी असते. मुलाला अॅडमिशन कॅप राऊंडमधूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरी) घ्यायला लावा, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली की फीही वाढते आणि सवलतींचे बरेच रस्तेही बंद होतात. उरलेल्या रकमेला बँकेचं एज्युकेशन लोन, आणि तेही अपुरं पडलं तर तुमच्या पाळकांना भेटा, बऱ्याच चर्चमध्ये शिक्षणासाठी थोडाफार फंड पडून असतो, लाजेने कोणी मागत नाही एवढंच.